पहिला डबा शेवटी

वडीगोद्री,
रविवार, रात्र

प्रिय सोमेश्वर,

परवा तुझा फोन आला तेव्हा ‘बघते, कळवते’ एवढंच म्हणून मी ठेवून दिला. तुला वाटलं असेल, बेबीला राग आला. राग नाही रे. आई समोरच्या बाजेवर कान देऊन बसली होती आणि तिच्यासमोर या विषयावर बोलता येत नाही. माझ्या मिथुनला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्याच्या स्मृतिदिनाला शाळेच्या पटांगणात तुझ्या बाबांचा तो जुना सिनेमा दाखवायचा, आता तुझ्याकडे त्याची स्वच्छ केलेली प्रत आहे, पडदा-यंत्र घेऊन तू स्वतः पुण्याहून येशील, हे ऐकूनच मला भरून आलं होतं. मग तू विचारलंस, कोणत्या क्रमानं दाखवू, खऱ्या की आपल्या? आणि माझं उत्तर यायच्या आत तूच म्हणालास, काकूंसाठी आपल्याच क्रमानं दाखवू, पोरगा घरी येऊ दे. तू मायेनं म्हणालास हे मला कळतं. पण त्याचं उत्तर फोनवर देणं मला जमलं नसतं, म्हणून आई झोपलेली बघून लिहायला बसले. प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यांपलीकडे काही लिहायची सवय उरलेली नाही, तेव्हा पाल्हाळ झाला तर चालवून घे.

तुझ्या बाबांचा, राधेश्यामकाकांचा, सिनेमाचा तंबू मला अजून दिसतो. अंबडला मत्स्योदरीच्या यात्रेत, पाळण्यांच्या पलीकडे. मधोमध कनात बांधून बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे. घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचं आणि जनरेटरच्या धडधडीतून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायचं. कुठल्याशा बंद पडलेल्या फिल्म सोसायटीचे रिळांचे डबे काकांच्या हाती लागले आणि त्यांत हा परदेशी, काळा-पांढरा सिनेमा निघाला. डब्यांवरची लिपी कोणालाच वाचता येईना. मधले डबे काकांनी गोष्टीवरून लावले, पण पहिला आणि शेवटचा दोन्ही सारखेच सुरू व्हायचे. तेच छोटं स्टेशन, तोच कंदिलाचा खांब, तीच धूर सोडत येणारी गाडी. काकांनी शेवटचा डबा आधी लावला आणि पहिला शेवटी. त्यामुळे सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच पडद्यावर त्यांच्या भाषेतलं ‘समाप्त’ यायचं आणि आम्ही ते सिनेमाचं नाव समजायचो. कलाकारांची नावं यायची ती शेवटी लावलेल्या डब्याच्या तोंडी, तेव्हा मध्यंतर झालं समजून अर्धे लोक भजी आणायला उठायचे. काका माइकवरून ओरडायचे, ‘बसा मंडळी, बसा! खरा पिच्चर आता हाय!’

आणि तो खरोखरच तेव्हा असायचा. काकांनी त्या पोराचं नाव कारभारी ठेवलं होतं आणि त्याच्या मायचं दैवशाला. आमच्या क्रमानं गोष्ट अशी होती: दैवशाला स्टेशनवर वाट बघते, गाडीतून पोरगा उतरत नाही. मग लढाई चालूच राहते, गावातली माणसं-घोडी एकेक करून जातात, आणि एके दिवशी कारभारी पडल्याची सरकारी खबर येते. तंबूत हुंदके सुरू होतात. आणि मग गाडी येते, कारभारी उतरतो, शेतातल्या वाटेनं चालू लागतो. काका माइकवर अक्षरशः नाचायचे. ‘पाहा मंडळी, खबर खोटी निघाली! कारभारी येऊन राह्यला! मायनं सूप टाकलं, निघाली पळत!’ बायका टाळ्या पिटायच्या. माझी आई तर पदरात बांधून आणलेल्या चुरमुऱ्यांची मूठ पडद्याकडे उधळायची, लग्नात अक्षता टाकाव्यात तशी. वर्षानुवर्षं यात्रेत तोच सिनेमा, तेच चुरमुरे. साऱ्या जगात युद्ध नको म्हणून सांगणारा सिनेमा, आणि आमच्या तालुक्यात तो ‘पोरगं घरी येतं तो पिच्चर’ म्हणून ओळखला जायचा.

लहानपणी मला त्यात काय आवडायचं ते सांगता आलं नसतं. आता शाळेत उभं राहून इतकी वर्षं पोरांना गोष्टी सांगितल्यावर थोडं कळतं. तो दिग्दर्शक, ज्याचं नाव तू मला तीनदा शिकवलंस आणि मला एकदाही उच्चारता आलं नाही, त्यानं पूर्ण सिनेमात लढाई दाखवलीच नाही. एक तोफ नाही. लढाई दिसते ती गावातून काय काय कमी होत गेलं त्यावरून. आधी घोडी नेतात, मग देवळाची घंटा उतरवून नेतात, मग सुताराच्या दुकानात नांगर दिसायचे बंद होतात आणि तो एकसारख्या लांबीच्या पेट्या ठोकत बसतो. आणि कारभारी घरी येतो तेव्हा तो कितीतरी वेळ नुसता ठिपका असतो. दिग्दर्शकाला कुठलीच घाई नाही. ठिपका हळूहळू माणूस होतो, डावा हात जरा जास्त हलवत चालणारा माणूस, आणि त्या चालीवरून त्याची माय त्याला ओळखते. सुपाचा आवाज थांबतो, एवढंच. मागं संगीतही नाही. आमचे काका मात्र तिथंच सर्वांत जास्त बोलायचे, पण असो.

मग तू पुण्याला सिनेमाचं शिकायला गेलास आणि दिवाळीत येऊन मला म्हणालास की आपण आयुष्यभर तो उलटा पाहिला. पोरगा पहिल्यांदा येतो तो रजेवर, रजा संपवून परत जातो, ते जाणं पडद्यावर दाखवलेलंच नाही, आणि पुन्हा येत नाही. मायला खबर मिळालेली असते, तरी ज्या दिवशी येईन म्हणाला होता त्या दिवशी ती स्टेशनवर जाते, गाडी रिकामी निघून जाते, आणि तिथंच सिनेमा संपतो. मी तुला म्हटलं होतं, तुझे पुण्याचे लोक उलटा दाखवत असतील. सगळी दिवाळी तुझ्याशी बोलले नाही. आठवतं का? तुझ्या आईनं पाठवलेली करंजी तेवढी खाल्ली. तू म्हणत होतास की त्यानं दोन्ही गाड्या मुद्दाम एकाच जागेवरून, एकाच उजेडात घेतल्या आहेत. येणारी आणि न आणणारी गाडी सारखीच दिसते, हेच तर त्याला सांगायचं होतं. म्हणजे काकांची चूक त्याच्या कलेनंच करवून घेतली म्हणायची. मला तेव्हा हे काही ऐकायचं नव्हतं.

काकांना ते आधीच ठाऊक होतं हे तू मला नंतर सांगितलंस. जालन्याच्या कुणा डॉक्टरानं त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी प्रामाणिकपणे एका रात्री बरोबर क्रमानं लावूनही पाहिलं होतं. सिनेमा संपला तरी बायका उठेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूपुढं उभ्या राहिल्या, ‘राधेश्यामभाऊ, काल पोराला तिकडंच ठेवलं तुमी. आज घरी आना.’ आणि काका तुला म्हणाले होते, ‘सोम्या, यात्रेला आलेल्या बाईला मी रडवून घरी धाडू काय?’ त्या एका रात्री आई नव्हती, मीही नव्हते. मला गोवर आला होता. म्हणजे आमच्या घरात तो सिनेमा बरोबर कोणीच पाहिलेला नाही. मिथुननं तर तो पाहिलाच नाही. तो जन्मला तोवर तुमचा तंबू उठला होता. त्यानं तो ऐकला.

तुला माहीतच आहे, मला भाऊ नाही, म्हणून बाबांच्या मागं आई माझ्याकडेच आली. मी शाळेत, आमचे राजानंद आठवडाभर बदनापूरच्या संशोधन केंद्रावर नोकरीला, तेव्हा मिथुनला वाढवलं ते आईनंच. झोपताना रोज कारभारीची गोष्ट. पोरगा लढाईला जातो, खबर येते, खबर खोटी निघते, पोरगा घरी येतो. अंगणात तो कारभारी व्हायचा, डावा हात हलवत यायचा आणि आई सूप टाकून पळायची. पुढं तो सैन्यात गेल्यावर हा खेळ त्यानं सोडला नाही. रजेवर यायचा तेव्हा वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरायचाच नाही. अलीकडेच ट्रक थांबवून उतरायचा आणि तुरीच्या शेतातून चालत यायचा, आजीला लांबून दिसावा म्हणून. ती ओसरीवरून ओरडायची, ‘आला गं बेबे, माझा कारभारी आला!’ आणि भाकरीचा तुकडा अन् पाणी ओवाळून टाकायची. बाबासाहेबांच्या फोटोखाली हे असले प्रकार नकोत म्हणून मी दर वेळी कुरकुर करायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आई कसली ऐकते!

पण हे सगळं मी ऐकीव सांगते आहे, सोमेश्वर. त्याला येताना मी कधी पाहिलंच नाही. तो यायचा दुपारी, मी तेव्हा वर्गावर. घरी यावं तर पोरगा आंघोळ करून जेवायला बसलेला. माझ्या वाट्याला आलं ते त्याला पोचवणं. आई त्याच्या जाण्याच्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन पाठ फिरवून झोपायची, जाणं तिला बघवायचं नाही. मग जालना स्टेशनवर मीच जायची. सचखंड एक्स्प्रेस यायची, तो चढायचा, दारात उभा राहायचा आणि मी डबा नीट ठेव, पाणी उतरून भरू नकोस, असलं काहीतरी सांगत गाडीबरोबर चार पावलं चालायची. फलाट रिकामा झाल्यावर बाकावर थोडी बसून मग बस धरायची. येणारा मिथुन आजीचा आणि जाणारा माझा, अशी आमच्या घरात वाटणी होती.

त्याला आणलं त्या दिवसाचं तुला कोणी सांगितलं असेल. हायवेपासून घरापर्यंत माणूसच माणूस, फुलांनी झाकलेला ट्रक, मोठमोठे लोक, माइक. सीमेवर गोळा पडला एवढंच पेटीबरोबर आलेल्या लष्करी साहेबांनी सांगितलं आणि हात जोडून म्हणाले, पेटी उघडायचा आग्रह धरू नका ताई. आमच्या शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला झेंडे घेऊन उभी केली होती. ट्रकमागं चालताना माझं लक्ष गेलं तर दुसरीच्या पोरांची रांग वाकडी. आणि मी थांबून म्हटलं, ‘रांग सरळ करा रे.’ पोरांनी केलीसुद्धा. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला ठाऊक नाही. पण लोकांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, वीरमातेनं एक अश्रू ढाळला नाही, विद्यार्थ्यांना शिस्त शिकवली. झालं. त्या दिवसापासून मी वीरमाता. रडायचंय का ते मला कोणी विचारलंही नाही, आणि आता विचारलं तरी जमेल असं वाटत नाही.

आईचं निराळंच. त्या गर्दीत ती मला जवळ ओढून कानात म्हणाली, ‘कशाला तोंड पाडून राह्यली? तोंड पाह्यलं का कोनी त्याचं? न्हाई ना? पिच्चरमंदीबी आदी खबरच आल्ती. मंग पोरगं आल्तं. बराबर येतं बघ.’ मला वाटलं, धक्का आहे, ओसरेल. वर्ष होत आलं. रोज दुपारी सूप घेऊन ती ओसरीवर बसते, सुपात धान्य असो वा नसो, आणि तुरीच्या शेताकडे बघत असते. चुलीपाशी भाकरीचा तुकडा झाकून ठेवते. पुण्यानुमोदनाच्या विधीला भंतेजी आले तेव्हा उठून शेजारी निघून गेली. जित्या पोराचं कसलं करता, म्हणाली. गाव तिला हसत नाही. उलट बायका येऊन तिच्यापाशी बसतात, कारभारीची गोष्ट पुन्हा सांगायला लावतात आणि डोळे पुसून जातात. काकांचा सिनेमा आमच्या ओसरीवर अजून चालूच आहे म्हण.

आणि बाहेर माझा चालू आहे. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, कुठल्या कॉलेजचं संमेलन, कुठल्या कमानीचं उद्घाटन. शाल, नारळ, पुढची खुर्ची. अंतरवालीकडून गोदाकाठापर्यंत एक गाव राहिलं नसेल जिथं माझ्या गळ्यात हार पडला नाही. निवेदक हात वर करून ओरडतो, मिथुन, आणि हजार माणसं म्हणतात, अमर रहे. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे हायवेवर धावतात, ती परीक्षेला निघताना माझ्या पायाशी वाकतात. काय आशीर्वाद देऊ मी त्यांना? ‘सुखरूप या’ म्हणते. गोड पोरं आहेत रे. मिथुनसारखीच हसतात. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला त्या हारांनी मला उभं धरलं. पण आता असं झालंय की आत ओसरीवर म्हणतात तो येतोय, बाहेर मांडवात म्हणतात तो अमर आहे, आणि या दोहोंच्या मधे मला बसायला वीतभर जागा नाही. काल राजानंदना तुझ्या फोनचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘आईचं वय झालं, बेबी. तिचा शेवट तिला असू दे.’ ते चुकीचं बोलले असं मी म्हणत नाही. मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं.

पण नाही, सोमेश्वर. बरोबर क्रमानं आण. आई चिडेल, तुला शिव्या देईल, पटांगणातून उठून जायला बघेल. मी तिच्याशेजारी हात धरून बसेन. ते माझ्यावर सोड. स्टेशनवरचा तो तुकडा मी लहानपणी कितीदा पाहिला, पण सुरुवात म्हणून पाहिला. सुरुवातीला वाट बघणाऱ्या बाईकडे कोण लक्ष देतं? पुढं काय होतं याची घाई असते. मला तो असा पाहायचा आहे की त्याच्यापुढं काही नाही. तू सांगितलं होतंस, त्यात तिचा चेहरा नाही, नुसती पाठ आहे. गाडी जाते, ती उभी राहते, मग वळते आणि एकटी घरी जायला निघते. तिला कोणी हार घालत नाही, पोरगा येईल असंही कोणी सांगत नाही. मला त्या बाईच्या मागं बसायचं आहे. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एकही माणूस मला खरं सांगायला तयार नाही, म्हणून तुझ्याकडे मागते आहे. सगळ्यांनी मिळून माझ्या पोराला वर्षभर वाटेवर उभं केलंय, ना घरी येऊ देतात, ना जाऊ देतात. तू ये आणि ती गाडी रिकामी जाऊ दे. मिथुन मेला, सोमेश्वर. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं, आणि लिहिताना हात थांबला नाही, फक्त पुढचं आता दिसत नाहीये.

तुझीच,
बेबी